लोणखेड्याचा पाऊस आणि दूरचे समुद्र

नंदुरबारच्या आसपास हिवाळ्यात मिरचीच्या पथाऱ्या पडतात. मोकळ्या माळावर लाल मिरची उन्हात पसरलेली असते आणि व्यापाऱ्याची नजर मिरचीपेक्षा आभाळावर जास्त असते. अशात पश्चिमेकडून मळभ आले आणि तासभर जरी पाणी पडले, तरी मिरची काळी पडते, भाव उतरतो. तिथून ईशान्येला, शहाद्याला लागून गोमाईच्या खोऱ्यात वसलेल्या लोणखेड्यात त्याच पावसाने गहू आडवा होतो, हरभऱ्याचा फुलोरा झडतो. लोक त्याला ‘अवकाळी’ म्हणतात आणि विषय तिथेच मिटतो.

खरे तर या पावसालाही स्वतःचा पत्ता आहे. मृगाचा आणि आर्द्राचा पाऊस विषुववृत्त ओलांडून आलेल्या वाऱ्यांबरोबर येतो. हिवाळ्यातला हा पाऊस मात्र भूमध्य समुद्राकडून, कधी त्याच्याही पलीकडच्या अटलांटिककडून, पश्चिमी वाऱ्यांच्या प्रवाहात वाहत आलेल्या हवेच्या लाटेचा असतो. अरबी समुद्राची वाफ तिला वाटेत मिळते. म्हणजे लोणखेड्याच्या वावरावर दोन वेगळ्या हवामानांचा हक्क आहे. गाव साडेएकवीस अंश उत्तरेला, कर्कवृत्तापासून जेमतेम सव्वादोनशे किलोमीटरवर आहे. भूगोलाच्या पुस्तकाप्रमाणे ते उष्ण कटिबंधात पडते, पण आभाळ पुस्तकातल्या रेघा पाळत नाही.

या दोन हवामानांचे, आणि त्यांच्या मागे असलेल्या समुद्रांचे, एकमेकांशी नाते काय, हा प्रस्तुत पुस्तकाचा विषय. उष्ण कटिबंधातल्या समुद्राचे चक्र काही वर्षांत फिरते, मध्य अक्षवृत्तांवरच्या समुद्राचे फिरायला दशके लागतात. मराठी वाचकाला यातले एकच नाव नीट पाठ झाले आहे, ते म्हणजे एल निनो. एप्रिल उजाडला की वाहिन्यांवर तो खलनायकासारखा प्रवेश करतो आणि पाऊस बरा झाला की पुढच्या वर्षापर्यंत पडद्याआड जातो. एवढ्याने भागत नाही, हे सांगायला दोन वर्षे पुरेत. १९९७ मध्ये विसाव्या शतकातल्या सर्वांत मोठ्या एल निनोंपैकी एक प्रशांत महासागरात उभा होता. भारतात पाऊस सरासरीच्या १०२ टक्के झाला. २००२ मध्ये एल निनो त्यामानाने मध्यम होता. जुलैत देशात नेहमीच्या जवळपास निम्माच पाऊस पडला आणि हंगाम ८१ टक्क्यांवर संपला.

या नात्यांचा शोध सुरू झाला तो दुष्काळाच्या धाकाने, आणि त्याची मुळे बऱ्याच अंशी भारतात आहेत. १८७५ मध्ये हवामान खाते स्थापन झाले, त्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफोर्ड. १८७६ ते ७८ चा भयंकर दुष्काळ अजून ताजा असताना त्यांनी हिमालयातल्या बर्फाकडे बोट दाखवले: हिवाळा-वसंतात बर्फ जास्त साचले तर पुढचा मान्सून दुबळा. गंमत अशी की हे बर्फ पश्चिमेकडून येणाऱ्या त्याच लाटा टाकून जातात, ज्या कधीकधी नंदुरबारच्या पथाऱ्या भिजवतात. भारतातल्या हंगामी अंदाजाची सुरुवातच अशी मध्य अक्षवृत्तांच्या हवेवर विसंबून झाली होती. एल निनोच्या गदारोळात हे पुढे विसरले गेले.

मग १८९९ आले. खात्याचा अंदाज चांगल्या पावसाचा होता. प्रत्यक्षात दुष्काळ पडला; खानदेश-गुजरातच्या पट्ट्यात त्याला ‘छप्पनिया’ म्हणतात, कारण तेव्हा विक्रम संवत १९५६ होते. त्यानंतर १९०४ मध्ये खात्याची सूत्रे गिल्बर्ट वॉकर यांच्याकडे आली. हा माणूस केंब्रिजचा गणिती, हवामानशास्त्राशी आधीचा संबंध नाही. कदाचित तेच बरे झाले. त्यांनी जगभरच्या वेधशाळांचे दाब, तापमान, पाऊस यांचे आकडे गोळा केले आणि भारतीय कारकुनांच्या मदतीने, हाताने, वर्षानुवर्षे त्यांचे परस्परसंबंध काढले. त्या ढिगाऱ्यातून तीन मोठी झोके घेणारी चक्रे बाहेर आली. एक दक्षिणी दोलन, जे पुढे एल निनोचे हवेतले अंग ठरले. उरलेली दोन उत्तर अटलांटिकचे आणि उत्तर प्रशांतचे. म्हणजे उष्ण कटिबंध आणि मध्य अक्षवृत्ते यांची जोडी वॉकर यांच्या वहीत १९२० च्या दशकातच शेजारी शेजारी बसली होती. त्यांना जोडणारी यंत्रणा तेवढी हाती नव्हती. खात्याचे मुख्यालय सिमल्याहून १९२८ मध्ये पुण्याला हलले, आणि शिवाजीनगरच्या त्या दगडी इमारतीला पुणेकर आजही ‘सिमला ऑफिस’च म्हणतात. बसमधून तिथे उतरणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक असते, की जगाच्या हवामानाचा एक धागा या नावात अडकलेला आहे?

वॉकर यांच्यानंतर काही वर्षांनी खात्याचे प्रमुख झालेल्या चार्ल्स नॉर्मंड यांनी १९५३ मध्ये थोड्या खिन्नपणे नोंदवले की मान्सून हा इतरांच्या मागे चालणारा नाही, स्वतः पुढे चालणारा आहे. त्याच्यावरून बाकीच्या जगाचा अंदाज बांधणे सोपे, त्याचा अंदाज बांधणे अवघड. ही तक्रार म्हणून ऐकली तर निराशा, पण सूचना म्हणून ऐकली तर तिच्यात पुढच्या पन्नास वर्षांचे संशोधन आहे.

यंत्रणेचा पहिला मोठा तुकडा जेकब बियर्कनेस यांनी १९६६ आणि १९६९ मध्ये बसवला. विषुववृत्तीय प्रशांतात व्यापारी वारे उबदार पाणी पश्चिमेला, इंडोनेशियाकडे रेटतात. पाणी तिकडे साचले की तिथे ढग चढतात, पूर्वेला हवा उतरते, आणि त्या फरकामुळे वारे आणखी जोर धरतात. वारे मंदावले की उलटा फेरा: उबदार पाणी मागे सरकते, ढगही सरकतात, वारे आणखी ढिले पडतात; हाच एल निनो. समुद्र वाऱ्याला आणि वारा समुद्राला ढकलत राहतो. बियर्कनेस यांना दुसरेही दिसले होते. ढग जागेवरून हलले की वरच्या हवेत जी उलथापालथ होते ती लाटेच्या रूपाने उत्तरेला जाते आणि अलास्काजवळचा हिवाळी कमी दाब अधिक खोल करते. १९८१ च्या सुमारास हॉस्किन्स, कॅरोली, होरेल, वॉलेस या मंडळींनी ही लाट गणितात आणि नोंदींत पकडली. या वाटेला आता ‘हवेचा पूल’ असे सर्रास म्हटले जाते.

पुलावरून माल दोन्हीकडे जातो, हे कळायला वेळ लागला.

दरम्यान उत्तरेच्या समुद्राला त्याचे नाव मिळाले ते हवामानशास्त्रज्ञांकडून नव्हे, माशांचा अभ्यास करणाऱ्यांकडून. अलास्कात सामन मासा मुबलक असतो तेव्हा वॉशिंग्टन-ओरेगॉनच्या किनाऱ्यावर त्याची टंचाई असते, आणि काही दशकांनी पारडे फिरते. हा झोका शोधताना स्टीव्हन हेअर यांनी १९९६ मध्ये ‘प्रशांत दशकी दोलन’ हा शब्द वापरला. पुढच्या वर्षी नेथन मँट्युआ आणि सहकाऱ्यांच्या निबंधाने तो जगभर रूढ केला. उत्तर प्रशांताचा मधला भाग थंड आणि अमेरिकेचा किनारा उबदार, ही त्याची ‘उबदार’ अवस्था. १९४७ ते १९७६ थंड, १९७७ पासून साधारण वीस वर्षे उबदार, मग बहुतांशी थंड, २०१४ ते १६ मध्ये एक उबदार उसळी आणि २०२० पासून सातत्याने थंड. अटलांटिकच्या उत्तर भागातही साठ-सत्तर वर्षांच्या अंतराने पाणी गरम-थंड होताना दिसते. त्याची नोंद १९९४ मध्ये श्लेसिंगर आणि रामनकुट्टी यांनी केली.

उष्ण कटिबंधाचा समुद्र लवकर विसरतो आणि उत्तरेचा इतका काळ लक्षात कसा ठेवतो? शहादा तालुक्यातल्या शेतकऱ्याला हे समजावून सांगायला फार शब्द लागणार नाहीत. सातपुड्याच्या उतारावरच्या मुरमाड जमिनीवर पाणी पडते आणि वाहून जाते. चार दिवस ऊन पडले की पीक माना टाकते. तापीकाठच्या काळ्या जमिनीत मात्र भादव्याची ओल खाली उतरून बसते आणि वरून कोरड पडलेली दिसली तरी त्याच ओलीवर रब्बीचा हरभरा येतो. उत्तर प्रशांताचे असेच आहे. हिवाळ्यात वादळे तिथला समुद्र शंभर-दोनशे मीटर खोल घुसळतात, त्या वर्षीची ऊब किंवा थंडी खाली मुरते. उन्हाळ्यात वर वीस-तीस मीटरचा उबदार थर झाकणासारखा बसतो आणि खालचे पाणी जसेच्या तसे राहते. पुढच्या हिवाळ्यात वादळांनी झाकण फोडले की मागच्या वर्षीची थंडी पुन्हा पृष्ठभागावर. १९९५ मध्ये मायकेल अलेक्झांडर आणि क्लारा डेसर यांनी हे दाखवून दिले. मुळाशी क्लाउस हासेलमन यांची १९७६ ची कल्पना आहे: हवेतले रोजचे बेशिस्त धक्के समुद्र साठवत जातो आणि त्यातून संथ, दीर्घ चढउतार तयार होतात, त्यासाठी कोणत्याही घड्याळाची गरज नाही. या कामाचाही हिशेब धरून त्यांना २०२१ चे नोबेल मिळाले.

इथून पुढे अभ्यासकांचे मतभेद सुरू होतात, आणि नवख्या वाचकाने ते आधीच ओळखून ठेवलेले बरे.

एका गटाच्या मते उत्तरेचे चक्र म्हणजे विषुववृत्ताचाच उशिरा येणारा प्रतिध्वनी. मॅथ्यू न्यूमन आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये साध्या गणिताने दाखवले की एल निनोचा दरवर्षीचा धक्का आणि समुद्राची स्मृती एवढ्यावर प्रशांत दशकी दोलनाचा बराच भाग उभा राहतो. २०१६ मध्ये याच मंडळींनी आणखी स्पष्ट केले की हे दोलन ही एक वस्तू नाहीच; एल निनोचा हात, अलास्काजवळच्या हवेची लहर आणि जपानजवळच्या कुरोशियो प्रवाहाचे हेलकावे यांची ती गोळाबेरीज आहे. हे वाचल्यावर ‘दशकी दोलन थंड अवस्थेत आहे म्हणून असे झाले’ हे वाक्य जपून वापरावे लागते. कारण आणि लक्षण यांची इथे सहज अदलाबदल होते.

दुसरा गट पुलाच्या उलट वाहतुकीकडे लक्ष वेधतो. डॅनियल विमाँट, जॉन वॉलेस, डेव्हिड बॅटिस्टी आणि नंतर जॉन चियांग यांनी मांडलेली गोष्ट अशी: हिवाळ्यात उत्तर प्रशांतावर दाबाचा विशिष्ट नमुना तयार झाला की हवाईच्या बाजूचे व्यापारी वारे मंदावतात. वारा कमी, म्हणून बाष्पीभवन कमी, म्हणून पाणी उबदार. ओल्या अंगावर वारा लागला की थंडी वाजते आणि वारा थांबला की बरे वाटते, तेवढाच हा प्रकार. उबदार पाण्याचा हा ठसा वसंतात, उन्हाळ्यात नैर्ऋत्येला सरकत विषुववृत्ताशी पोचतो आणि पुढच्या हिवाळ्यात एल निनोला निमित्त होऊ शकतो. समुद्राच्या पोटातूनही एक वाट आहे: उपोष्ण पट्ट्यात खाली बुडालेले पाणी वर्षानुवर्षे सरकत विषुववृत्तावर वर येते. डायफेंग गु आणि जॉर्ज फिलँडर यांनी १९९७ मध्ये दशकी चक्राचे मूळ या भुयारात शोधले. कल्पना देखणी होती. नोंदींनी तिला पुरते पाठबळ दिलेले नाही.

तिसरा सूर चक्रांवरच शंका घेतो, आणि तो सर्वांत अस्वस्थ करणारा आहे. उपकरणांच्या विश्वासार्ह नोंदी जेमतेम दीडशे वर्षांच्या. साठ-सत्तर वर्षांचे चक्र त्यात दोन-अडीच वेळाच मावते. दोन-अडीच फेऱ्यांवरून कोण चक्र म्हणेल? २०१२ मध्ये बेन बूथ आणि सहकाऱ्यांनी अटलांटिकच्या विसाव्या शतकातल्या चढउतारांचा मोठा वाटा कारखान्यांच्या धुरातल्या सूक्ष्म कणांवर टाकला. मायकेल मान हे अटलांटिकच्या चक्राच्या नामकरणाशी जोडले गेलेले शास्त्रज्ञ. पण औद्योगिक काळापूर्वीचे हे ठोके ज्वालामुखींच्या उद्रेकांनी घातलेले होते, असे त्यांनीच २०२१ मध्ये म्हटले. आपणच नाव दिलेल्या गोष्टीच्या अस्तित्वावर शंका घेणारा माणूस विज्ञानात वारंवार भेटत नाही.

भारतीय, आणि विशेषतः पुण्याच्या, कामाला या वादात स्वतंत्र जागा आहे. १९६२ मध्ये सी. रामस्वामी यांनी पावसाळ्यातला ‘खंड’ हा पूर्वेकडच्या आणि पश्चिमेकडच्या वेगवान उच्च वाऱ्यांच्या झटापटीतून पडतो असे मांडले: मध्य अक्षवृत्तांवरची हवेची लाट उत्तर भारतात खोल उतरते, पाऊस हिमालयाच्या पायथ्याला निघून जातो आणि खाली शिवार कोरडे पडते. त्याच वर्षी पी. आर. पिशारोटी यांच्या संचालकपदाखाली पुण्यात उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्था सुरू झाली. १९८८ पासून वसंत गोवारीकर आणि सहकाऱ्यांचे सोळा घटकांचे प्रतिमान मान्सूनचा अंदाज देऊ लागले. मराठी घरांत त्याचे कौतुकही झाले आणि थट्टाही. त्या सोळांत एल निनोबरोबर हिमालयाचे बर्फ आणि उत्तर गोलार्धाचे तापमान होते, हे मात्र थट्टा करणाऱ्यांच्या लक्षात आले नाही. २००२ च्या जुलैने ते प्रतिमान मोडले.

त्या मोडतोडीच्या आगेमागे महत्त्वाचे संशोधन झाले. १९९९ मध्ये के. कृष्णकुमार, बालाजी राजगोपालन आणि मार्क केन यांनी एल निनो आणि मान्सून यांचे नाते सैल होत असल्याचे दाखवले. त्याच वर्षी साजी, बी. एन. गोस्वामी, विनयचंद्रन आणि यामागाता यांनी हिंदी महासागराचे स्वतःचे द्विध्रुव, म्हणजे त्याच्या पश्चिम आणि पूर्व भागांच्या तापमानातला झोका, मांडले. १९९७ च्या मान्सूनचा बचाव बराचसा त्यानेच केला होता. २००३ मध्ये आर. कृष्णन आणि मासातो सुगी यांनी पुढचा धागा पकडला: प्रशांत दशकी दोलन उबदार असताना एल निनो आला तर भारतावरचा दुष्काळ अधिक कडक होतो, थंड असताना त्याची धार बोथट होते. पण केवळ प्रशांताकडे पाहून हिशेब जुळत नाही. १९६५ पासून १९८७ पर्यंत देशाने दुष्काळांची रांग पाहिली, महाराष्ट्राच्या मनावर कोरलेला १९७२ चा त्यातलाच. या काळाच्या मध्यावर प्रशांताची अवस्था पूर्ण पालटली होती. अटलांटिकचा उत्तर भाग मात्र त्या सबंध काळात थंड होता, आणि गोस्वामींच्या गटाने २००६ मध्ये तिकडून मान्सूनपर्यंत येणारी वाट दाखवली. २०२० मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या अभ्यासकांनी आणखी ठसठशीत मांडणी केली. गेल्या शतकातल्या दुष्काळांपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक एल निनो नसलेल्या वर्षांतले. त्यांत पाऊस ऑगस्टच्या अखेरीस एकदम तुटतो, आणि मागे उत्तर अटलांटिकच्या थंड पाण्यावरून निघालेली हवेची लाट असते. मघा-पूर्वाच्या नक्षत्रांत कापसाला बोंडे धरत असताना पाणी का गेले, याचे उत्तर कधीकधी ग्रीनलंडच्या दक्षिणेला शोधावे लागते.

नॉर्मंड यांची तक्रार खरी ठरवणारा दाखला १९९६ चा. मार्क रॉडवेल आणि ब्रायन हॉस्किन्स यांनी दाखवले की मान्सूनच्या ढगांतून सुटणारी उष्णता पश्चिमेला हवेची लाट पाठवते, भूमध्य समुद्रावर हवा खाली दाबली जाते आणि तिथला उन्हाळा कोरडा ठणठणीत होतो. म्हणजे सातपुड्यावर कोसळणाऱ्या श्रावणसरींचा थोडा वाटा ग्रीसच्या निरभ्र आकाशात आहे. आणि त्याच समुद्राकडून हिवाळ्यात पथाऱ्यांवर पाणी येते. ही देवघेव एकतर्फी समजणे, हा या विषयातला सर्वांत जुना आणि सर्वांत चिवट गैरसमज.

आज हे जाणून घेण्याची निकड का, हे लोणखेड्याच्या शिवारात दिसते. इथले पीक एका हंगामाचे राहिलेले नाही. पपई, केळी, ऊस यांचा पसारा वर्ष-दीड वर्षाचा; लागवडीच्या दिवशी शेतकरी दोन पावसाळे आणि मधला हिवाळा यांवर पैज लावतो. २०२३ मध्ये देशाने १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट पाहिला, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरच्या अखेरीस उत्तर महाराष्ट्रात गारपिटीने द्राक्षबागा झोडपल्या. दोन्ही घटना एकाच एल निनोच्या खात्यावर टाकणे सोपे आहे; पण नेमक्या कोणत्या आठवड्यात पश्चिमेची लाट खाली उतरते, ते तो ठरवत नाही. शिवाय समुद्रांची पार्श्वभूमीच तापते आहे. जुन्या नात्यांवर बेतलेले अंदाज त्यामुळे किती टिकतील हा खुला प्रश्न आहे. तो सोडवायला जुन्या नोंदींचा पल्ला वाढवणे हा एक उपाय: पुण्याच्या संस्थेतल्या ह. प. बोरगावकर यांच्या गटाने केरळातल्या सागाच्या वलयांतून ५२३ वर्षांचा पाऊस आणि त्यातल्या एल निनोच्या खुणा वाचल्या. साग सातपुड्यातही आहे.

हे पुस्तक पंचांगाची जागा घ्यायला निघालेले नाही आणि भेंडवळच्या घटमांडणीशी त्याचे भांडणही नाही. तालुक्याचा अंदाज त्यात सापडणार नाही. त्याचा खटाटोप वेगळा आहे: एका ठिकाणी उभे राहून त्या ठिकाणावर येणाऱ्या प्रत्येक पावसाचा माग समुद्रापर्यंत काढायचा, आणि जिथे माग पुसला आहे तिथे तसे कबूल करायचे. गणित कमी ठेवले आहे, वाद मात्र लपवलेले नाहीत. ज्या वाचकाला एकच कारण, एकच समुद्र, एकच खलनायक हवा असेल, त्याची काही प्रकरणांत चिडचिड होईल.

सुरुवात प्रशांत महासागरापासून करण्याचा रिवाज या पुस्तकाने मोडला आहे. पहिले पान उघडते ते जुलैच्या शेवटच्या आठवड्यात. पेरणी होऊन महिना झालेला, आठ दिवस आभाळ स्वच्छ, दुबार पेरणीचे बोलणे कट्ट्यावर सुरू झालेले. आणि त्याच दिवशी हिमालयाच्या पायथ्याशी नद्यांना पूर आल्याची बातमी.